रंगकामाच्या वर्गाचं गणित

बाईंना शाळेत नावानं कुणी हाकच मारत नसे. समोर 'बाई', आणि पाठ वळली की 'कात्री'. गुण कापण्यात त्यांचा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं. सगळं गणित बरोबर, उत्तर बरोबर, पण शेवटी 'मीटर' लिहायचं राहिलं, की अर्धा गुण गेलाच म्हणून समजा. एकदा एका मुलाचे वडील व्हरांड्यात आडवे आले. म्हणाले, 'बाई, अर्ध्या गुणानं असं काय बिघडतं?' बाई म्हणाल्या, 'काही बिघडत नसेल तर मागताय कशाला?' वडील आल्या पावली परत गेले. बाईंच्या जिभेला हाड नव्हतं हे खरं, पण त्यांच्या वर्गाच्या निकालात बोट ठेवायला जागा नसायची. म्हणून सगळे निमूटपणे ऐकून घ्यायचे.

आता ही शाळा होती दोन इमारतींची. पुढच्या इमारतीत नुसती पुस्तकं शिकणारी मुलं. मैदान ओलांडून मागे गेलं की पत्र्याच्या छपराची लांबलचक दुसरी इमारत. तिथे पुस्तकांच्या जोडीनं एकेक कामही शिकवत. कुणाला वायरिंग, कुणाला सुतारकाम, कुणाला रंगकाम. काम यायला हवं आणि भाषा, गणित, विज्ञान यांचे पेपरही सुटायला हवेत, तेव्हा कुठे शाळेचा पुरा दाखला हातात पडायचा. कामात पोरं अशी तरबेज की बघत राहावं. गणितात मात्र सगळा आनंदीआनंद. त्यातही रंगकामाच्या वर्गानं तर तळ गाठलेला.

शिक्षकांच्या बैठकीत बाई एकदा बोलून गेल्या, 'मागच्या इमारतीपायी सगळ्या शाळेची लाज जाते.' मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, 'मग यंदा रंगकामाच्या वर्गाचं गणित तुम्हीच घ्या ना.' बाईंना 'नाही' म्हणायची सोय राहिली नाही. बाकीचे शिक्षक खिडकीबाहेर बघत बसले. तिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं.

मोठ्या सरांनी हे काही थट्टेनं केलं नव्हतं. वरच्या कार्यालयातून तंबी आली होती. यंदा रंगकामाच्या वर्गातली निदान निम्मी मुलं गणितात पास झाली नाहीत, तर पुढच्या वर्षापासून त्या वर्गाचे पुस्तकी विषय बंद. नुसतं काम शिकवा, कामाचा कागद हातात द्या आणि पाठवून द्या. म्हणजे शाळेचा दाखला नाही, दाखला नाही म्हणून पुढचं कॉलेज नाही. नापास झालेल्याला पुन्हा बसायचीही सोय नाही, कारण बसायला विषयच उरणार नाही. कार्यालयात बसून असलं ठरवायला काय जातं कुणाचं.

घरी ही बातमी सांगितली तेव्हा बाईंचे यजमान पोळ्या लाटत होते. ते टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात होतं. म्हणाले, 'अगं, मैदानापलीकडे तर जायचंय. तू तोंड असं केलंयस जसं काही सातासमुद्रापार पाठवतायत.' बाई म्हणाल्या, 'तुम्ही पोळीकडे लक्ष द्या, करपतेय.' पोळी अजिबात करपत नव्हती.

वर्ग भरायचा तो रंगशाळेच्या, म्हणजे रंगकाम शिकवायच्या मोठ्या खोलीच्या, माळ्यावर. टर्पेंटाइनचा वास जिन्यापासूनच नाकात जायचा. पोरं बाकावर खाली मान घालून बसायची, विचारलं तर बोलायची नाहीत, ओरडलं तरी बोलायची नाहीत. एक मुलगा इतका उंच की त्याचे गुडघे बाकाखाली मावायचे नाहीत, म्हणून तो तिरका बसायचा. त्याला सगळे लांबू म्हणत. एक मुलगी होती एवढीशी, पण शिडीवर सगळ्यांच्या आधी चढायची. ती मुंगी. मुंगीचे आईवडील दोघंही घरं रंगवायला जायचे. तिला बांधकामाच्या डिप्लोमाला जायचं होतं. कुणी विचारलं तर म्हणायची, 'रंगवता येतंच मला. भिंत कुठे उभी करायची, ते सांगणारी व्हायचंय.' आणि तिच्या नि डिप्लोमाच्या मधे उभं होतं ते एक गणित.

बाईंनी पुढच्या इमारतीत शिकवायच्या तसंच इथे शिकवलं आणि मग चाचणी घेतली. शेवटचा प्रश्न रंगाचाच घातला, म्हटलं निदान तेवढा तरी येऊ दे. भिंत सहा मीटर लांब, तीन मीटर उंच. तिच्यात दोन चौरस मीटरचं दार. एक लिटर रंगात आठ चौरस मीटर भाग रंगतो, तर भिंतीला रंग किती लागेल? अठरातून दोन गेले, राहिले सोळा, सोळाला आठनं भागलं, आले दोन लिटर. इतकं सरळ.

ज्या ज्या मुलानं तो प्रश्न सोडवला होता, त्या प्रत्येकानं उत्तर लिहिलं होतं चार लिटर.

बाईंचं डोकं फिरलं. एखादा चुकला तर समजू शकतं, पण आख्ख्या वर्गाची चूक एकसारखी? एकानं चुकायचं आणि बाकीच्यांनी डोळे मिटून उतरवायचं, दुसरं काय असणार? दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे पेपर टेबलावर आपटले आणि म्हणाल्या, 'गणित येत नाही ते एक वेळ चालेल. चोरी करता?' मग मुंगी उभी राहिली. 'बाई, आम्ही नाही कॉपी केली,' म्हणाली. 'मग सगळ्यांचं एकच चुकीचं उत्तर कसं आलं?' मुंगीला त्या उत्तरात चुकीचं काय आहे, हेच कळत नव्हतं. तिचे डोळे भरून आले, तशी ती खाली बसली.

बाईंनी मोठ्या सरांना लेखी कळवलं की या वर्गात सर्रास कॉपी चालते. मोठे सर म्हणजे साध्या खडूच्या मागणीवर सही करायला आठवडा लावणारा माणूस. पण निकालाचं खापर आपल्यावर फुटू नये म्हणून ते पत्र त्यांनी त्याच दिवशी वर पाठवलं. वरून तितक्याच तातडीनं उत्तर आलं, की तपासनीस येऊन चौकशी करतील, तोवर या वर्गाला परीक्षेला बसवू नये. झालं. परीक्षेलाच बसवलं नाही तर पास कोण होणार? वर्गाचं गणित बंद पडल्यात जमा होतं.

चौकशीला पक्का पुरावा हवा म्हणून बाई एक दिवस माळ्यावर न जाता खाली रंगशाळेतच शिरल्या. तिथे भिंतीलगत ओळीनं लाकडी कप्पे होते, तीन बाजूंनी बंद, माणूस उभा राहील एवढे. प्रत्येक मुलाला एक कप्पा. त्याच भिंतीला पुट्टी भरायची, घासायची, रंगवायची, रंगकाम शिकवणाऱ्या मास्तरांनी बघितली की खरवडून पुन्हा पहिल्यापासून. वर्षभर हेच. एका कप्प्यातून दुसऱ्यातलं काही दिसत नाही. बाईंना हेच हवं होतं. त्यांनी एकेकाला आपापल्या कप्प्यात, भिंतीकडे तोंड करून उभं केलं, हातात कागद दिला आणि तोच प्रश्न आकडे बदलून घातला. स्वतः मधल्या वाटेवर फेऱ्या मारत राहिल्या. रंगमास्तर कोपऱ्यात ब्रश धूत होते, त्यांनाही बोलू दिलं नाही.

कागद गोळा केले. पुन्हा सगळ्यांचं उत्तर दुप्पट.

आता आली का पंचाईत. बाईंनी मुंगीचा कागद घेतला आणि पहिल्यांदा उत्तर सोडून वरचं सगळं वाचलं. क्षेत्रफळ बरोबर, दार वजा केलेलं, भागाकार बरोबर, आणि मग शेवटी काही कारण नसताना गुणिले दोन. 'हे दोननं कशाला गुणलंस?' त्यांनी विचारलं. मुंगीनं त्यांच्याकडे असं बघितलं, जसं कुणी विचारावं की चपला दोन्ही पायांत कशाला घालतेस. म्हणाली, 'बाई, रंगाचे दोन हात द्यायला नकोत का?'

'पहिला हात भिंत पिऊन टाकते,' पलीकडच्या कप्प्यातून लांबू म्हणाला. 'एका हातात सोडून आलो तर गिऱ्हाईक पैसे देईल का?'

बाई शिडीच्या खालच्या पायरीवर बसल्या. या पोरांना त्यांनी भर वर्गात चोर म्हटलं होतं, आणि वर तसं लिहूनही दिलं होतं. पण कात्री ती कात्रीच. थोडा दम घेऊन म्हणाल्या, 'मग दोन हात धरलेत असं लिहायचं.'

'ते काय लिहायचं, सगळ्यांना माहीत असतं,' लांबू म्हणाला.

'तपासणाऱ्याला नसतं.'

'त्याच्या घराला भिंती नाहीत?'

'प्रश्न वाच,' बाई म्हणाल्या. 'किती हात म्हटलेत त्यात?' लांबूनं वाचला. मुंगीनं वाचला. हातांचा उल्लेखच नव्हता. बाईंनी एकेकाला विचारलं तेव्हा कळलं, की बहुतेकांनी प्रश्न पुरता वाचलाच नव्हता. भिंत दिसली, दार दिसलं, आकडे दिसले, की गडी लागला कामाला. आता मात्र रंगमास्तरांना राहवलं नाही. म्हणाले, 'गिऱ्हाईकाचं बोलणं संपायच्या आत डबा उघडलात? हेच शिकवलं का रे मी तुम्हाला?' मास्तर सहसा रागवायचे नाहीत. पोरांनी माना खाली घातल्या, आणि या वेळी त्या खरोखरच्या शरमेनं खाली गेल्या होत्या.

बाई तडक मोठ्या सरांकडे गेल्या. 'ते पत्र मला परत घ्यायचंय. चूक माझी आहे, तसं लिहून देते.' मोठे सर म्हणाले, 'बाई, आता लिहून दिलंत तर म्हणतील शाळा सारवासारव करतेय. तपासनीस येऊ देत, काय ते बघतील.' त्या दिवशी बाईंना जेवण गेलं नाही. यजमानांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'माझ्याशी लग्न केलंस ते सोडलं तर तुझ्या हातून झालेली ही पहिलीच चूक. सवय नाही तुला, म्हणून जड जातंय.' बाईंना हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं. 'त्या मुलीचं वर्ष गेलं ना, तर मी स्वतःला कधी माफ करणार नाही,' त्या म्हणाल्या. यजमानांनी ताट पुन्हा पुढे सरकवलं.

तपासनीस कधी येतील याचा नेम नव्हता. म्हणून बाईंनी दुसऱ्या दिवसापासून गणिताचा तास माळ्यावरून खाली आणला. नियम एकच केला. प्रत्येक गणित म्हणजे गिऱ्हाईक. एकानं गिऱ्हाईक होऊन ते मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं आधी गिऱ्हाईकाला काय हवंय ते आपल्या शब्दांत सांगायचं, आणि गिऱ्हाईक 'हो' म्हणेपर्यंत पेन्सिल उचलायची नाही. लांबू गिऱ्हाईक झाला की फारच रंगात यायचा. पाण्याच्या टाकीचं गणित असलं तर आधी टाकी गळते म्हणून अर्धा तास तक्रार करायचा. मास्तर त्याला म्हणायचे, 'असलं गिऱ्हाईक आलं तर मी काम सोडून पळून जाईन.'

लिहायचं कुठे, तर कप्प्याच्या भिंतीवर. ही मास्तरांची युक्ती. वही उघडली की पोरांचे हातपाय गळायचे, कारण वहीतली चूक कायमची, वर तिच्यावर बाईंची लाल रेघ. भिंतीचं तसं नव्हतं. ती तर खरवडायचीच असायची. पेन्सिलीनं मोठ्या अक्षरात गणित मांडायचं, मग दुसऱ्यानं हातदिवा घेऊन यायचं. भिंतीचे खड्डे बघताना मास्तर दिवा भिंतीलगत आडवा धरायला शिकवत. समोरून गुळगुळीत दिसणारी भिंत आडव्या उजेडात सगळं कबूल करते. गणिताला दिव्याची काही गरज नव्हती, पण पोरांच्या हातात दिवा आला की ती ओळ न् ओळ तपासायची. खड्डा कुठे आहे ते दाखवायचं, बुजवायचं काम ज्याचं त्यानं करायचं. आठवडा संपला की सगळ्यावर पांढरा रंग.

बाईंना हे काही एका दिवसात पचलं नाही. पहिल्या आठवड्यात त्या सवयीनं लाल पेन घेऊनच कप्प्यात शिरायच्या. मुंगीनं ते मागून घेतलं, अगदी नम्रपणे, आणि मास्तरांच्या ब्रशांच्या डब्यात उभं करून ठेवलं. 'सुटताना न्या, बाई,' म्हणाली. पुढच्या इमारतीत असं करायची कुणाची छाती झाली नसती. बाईंनी पेन सुटतानाही नेलं नाही. हळूहळू पोरं बोलायला लागली. ज्यांच्या तोंडून आधी शब्द फुटत नव्हता, ती आता समोरच्याच्या भागाकारातला खड्डा दाखवताना हमरीतुमरीवर यायची. बाईंना हा गोंगाट मनापासून आवडायला लागला, आणि आपल्याला तो आवडतोय याचंच त्यांना नवल वाटे.

तपासनीस आले ते न कळवताच. कपाळाला आठ्या, काखेत फाइल. बाईंनी त्यांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, 'तुम्हीच तक्रार करणार आणि तुम्हीच मागे घेणार. मी कशावर विश्वास ठेवू?' त्यांनीही पोरांना कप्प्यांतच उभं केलं, बाईंना आणि मास्तरांना दाराबाहेर काढलं आणि स्वतः प्रश्न घातला. दहा मीटर लांब आणि तीन मीटर उंच भिंत, दोन चौरस मीटरची खिडकी, एका लिटरात सात चौरस मीटर. रंग किती?

बाहेर बाईंचा जीव टांगणीला लागला होता. आतून मुंगीचा आवाज आला. ती प्रश्न स्वतःलाच गिऱ्हाईकासारखा वाचून दाखवत होती, हलक्या आवाजात, घाईनं. मग तोही थांबला. मास्तर म्हणाले, 'बाई, बसा जरा.' बाई बसल्या नाहीत.

बऱ्याच वेळानं तपासनीसांनी आत बोलावलं. कागद टेबलावर पसरलेले. 'अठ्ठावीस भागिले सात, चार लिटर,' ते म्हणाले. 'बहुतेकांचं बरोबर आहे. मुलीनं तर खाली लिहिलंय, दोन हात द्यायचे असतील तर आठ. पण एकानं खिडकी वजाच केली नाही. दोघांनी आठच लिहून सोडून दिलंय. आणि हा कोण, यानं भागायच्या ऐवजी गुणलंय. एकशे शहाण्णव लिटर.'

लांबूनं डोळे मिटून घेतले. मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, 'अरे, एवढ्यात गल्ली रंगली असती.' कुणी हसलं नाही. लांबूचा चेहरा रडवेला झाला होता. आपल्यामुळे वर्ग बुडाला, असंच त्याला वाटत होतं. बाईंनाही तेच वाटलं.

तपासनीसांनी मात्र कागद गोळा केले आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या जरा सैल झाल्या. 'सगळी बरोबर आली असती,' ते म्हणाले, 'तर मला पुन्हा संशय आला असता. ही चुकली आहेत तीही आपापल्या डोक्यानं चुकली आहेत. कॉपी करणारा शेजारच्याचं चार टाकून एकशे शहाण्णव कशाला लिहील?' तिथेच उभ्या उभ्या त्यांनी शेरा लिहिला, वर्गाला परीक्षेला बसू द्यावं. बाईंनी जन्मभर चुकीच्या उत्तरांवर रेघा मारल्या होत्या, आणि आज एका चुकीच्या उत्तराची पप्पी घ्यावी असं त्यांना वाटत होतं.

तपासनीस गेल्यावर त्या मधल्या वाटेवर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, 'मी तुम्हाला चोर म्हटलं. ते खोटं होतं. मला फार वाईट वाटतंय.' पोरांना काय करावं कळेना. शिक्षक माफी मागतायत हे त्यांनी कधी बघितलेलंच नव्हतं. मग मुंगीनं कपाटातून हातदिवा काढला आणि म्हणाली, 'बाई, काल ते टक्केवारीचं अर्धंच राहिलं होतं.' आणि तास सुरू झाला.

परीक्षा झाली, निकाल लागला. निम्म्याहून पुष्कळ जास्त मुलं गणितात पास झाली. मोठे सर हातात कागद घेऊन स्वतः मैदान ओलांडून आले, आणि त्यांना असं चालत येताना बघून शिपाईसुद्धा थांबला. वर्गाचे विषय आता कुणी बंद करत नव्हतं. मुंगीला काठापेक्षा थोडे वर गुण मिळाले होते, पण डिप्लोमाला ते पुरत होते. ती आईवडिलांना सांगायला म्हणून पळाली ती दप्तर तिथेच टाकून.

लांबू राहिला होता. चार गुणांनी. त्याच्या कप्प्यात तो तिरका बसला होता, गुडघे पोटाशी घेऊन. बाई तिथे जाऊन उभ्या राहिल्या, पण इतकी वर्षं शिकवूनही, नापास झालेल्या मुलाशी बोलायचं काय, ते त्यांना येत नव्हतं. शेवटी त्यानंच विचारलं.

'बाई, आपला वर्ग राहिला ना? गणितासकट?'

'राहिला.'

'म्हणजे मला परत बसता येईल?'

'येईल.'

'मग झालं,' लांबू म्हणाला, आणि उठून उभा राहिला. त्याचं डोकं कप्प्याच्या वर निघालं.

बाईंनी तोंड फिरवलं आणि पदरानं डोळे पुसले. मग मास्तरांना हाक मारली. 'मास्तर, नवी मुलं येतील तेव्हा सगळे कप्पे वाटून टाका. हा तेवढा कुणाला देऊ नका.'